तात्यांना सिनेमा शिकायचा होता

तात्यांच्या घरात पहिल्या खेपेला कुणालाच प्रवेश नसे. अंगणात पाऊल टाकलं की ओटीवरून हाळी यायची, "थांबा! मागे जा, फाटकापासून पुन्हा या." परत यावं, तर तात्या दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून, एक डोळा मिटून आपल्याला न्याहाळत असायचे. "आलात ते दिसलं, पण आलात असं वाटलं नाही. प्रसंग ओळखा, प्रसंग!"

मी चौलच्या शाळेत नवा मास्तर म्हणून आलो आणि त्यांच्या शेजारी बिऱ्हाड केलं. पहिल्याच दिवशी चमचाभर विरजण मागायला गेलो, ते तीन खेपांनंतर मिळालं. तिसऱ्या खेपेला मला खरोखरच रडू फुटायच्या बेतात होतं. "आता जमलं," तात्या म्हणाले आणि वाटी भरून दिली.

वय पंचेचाळीस, सुपारीची वाडी, डोक्याला टक्कल, मिशा मात्र दोन माणसांना पुरून उरतील अशा. लग्न केलं नव्हतं. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, आक्का. लहानपणी तापात आक्कांचे कान गेले आणि पाठोपाठ बोलणंही गेलं. गावात त्यांना कुणी फारसं विचारत नसे. तात्या मात्र त्यांच्याशी हात, भुवया आणि मिशा वापरून तासन्‌तास भांडत, आणि बहुतेक वेळा हरत.

दोन वर्षांपूर्वी अलिबागला सिनेमाचा तंबू आला होता. बहीणभाऊ तो बघून आले आणि तात्यांनी ठरवलं, आपण सिनेमा शिकायचा आणि चौलात सिनेमा काढायचा. जाहिराती बघून त्यांनी दोन शाळांची माहितीपत्रकं मागवली, एक मुंबईची, एक कोल्हापूरची. दोन्ही इंग्रजीत, म्हणून वाचायला मी.

"तिसरा आठवडा, हास्य. पाचवा आठवडा, अश्रू," मी मुंबईचं वाचलं.

"आणि चौथ्या आठवड्यात माणसानं तोंड कसं ठेवायचं?"

"ते दिलेलं नाही."

"लिहा पत्र. विचारा."

पत्राची वाट न बघता तात्यांनी स्वतःच सराव सुरू केला. एका सकाळी त्यांचा गडी पांडू धापा टाकत माझ्याकडे आला. "मास्तर, तात्या वाडीत एकलेच रडत हायेत. कोन गेलं काय?" आम्ही धावलो, तर तात्या एका पोफळीला मिठी मारून हुंदके देत होते. आम्हाला बघून ओरडले, "हलू नका! पाचवा आठवडा चालू आहे!"

कोल्हापूरच्या पत्रकात घोडेस्वारी येणाऱ्यास प्राधान्य होतं. गावात घोडा एकच, टांग्याचा, आणि टांगेवाला तो द्यायला तयार नव्हता. तेव्हा तात्या रहाटाच्या रेड्यावर बसले. तो बिचारा जन्मभर विहिरीभोवती गोल फिरलेला. "शत्रू पुढे आहे!" असं ओरडत तात्यांनी तासभर स्वारी केली. शत्रू काही सापडला नाही, वाडीला पाणी मात्र भरपूर मिळालं.

"किती अंतर कापलं असेल, मास्तर?"

"सरळ गेला असतात तर निम्मं कोल्हापूर गाठलं असतं."

पण निवड होईना. ओटीवरच्या झोपाळ्यासमोर त्यांनी मुंबईचं पत्रक टांगलं, मागे कोल्हापूरचं, आणि मधे स्वतः झोके घेत बसले. पुढे गेलं की मुंबई पटे, मागे आलं की कोल्हापूर. आक्कांनी एकदा झोपाळा धरून त्यांना जेवायला ओढून नेलं, नाहीतर उपास घडला असता.

शेवटी दोन्हीकडून पत्रं आली. मुंबईकरांनी छापील कागद धाडला होता, की मूकपटांचे दिवस संपले, यापुढे शाळेत फक्त बोलपट शिकवले जातील. कोल्हापूरहून तिथल्या म्हाताऱ्या गुरुजींनी हातानं लिहिलं होतं, "आम्ही अजून मूकपटच शिकवतो. विद्यार्थी सध्या एक आहे. तोही जाईन म्हणतो."

"सुटला प्रश्न!" मी म्हणालो. "मुंबई."

"कोल्हापूर," तात्या म्हणाले.

"अहो तात्या, मेलेली विद्या शिकून करणार काय?"

तात्यांनी पाय टेकून झोपाळा थांबवला. "मास्तर, अलिबागच्या तंबूत आक्का हसली."

"मग?"

"सगळ्यांच्या बरोबर हसली. एरवी ती लोकांची तोंडं बघते, लोक हसले की मागनं हसते. त्या दिवशी तिला कुणाकडे बघावं लागलं नाही. चोर पेटाऱ्यात लपलाय हे तिनंच मला ढोसून सांगितलं. चित्रांच्या मधे येणाऱ्या अक्षरांच्या पाट्या तिला वाचता येत नव्हत्या, पण त्या निम्म्या तंबूलाही येत नव्हत्या. आता पडद्यावरचेही बोलायला लागले, तर तिच्यासाठी राहिलं कोण?"

आक्कांना माझ्या बायकोच्या हवाली करून तात्या कोल्हापूरला गेले आणि दोन महिन्यांनी परत आले. शाळा मधेच बंद पडली होती. गुरुजींनी कॅमेरा विकला होता. कुणी घरी आलं तर सरळ आत घेऊ लागले, आणि त्याचंच सगळ्यांना वाईट वाटायला लागलं.

त्या हिवाळ्यात अलिबागला बोलपट आला. तात्या नको म्हणत होते, पण आक्का लुगडं बदलून तयार. दुपारच्या खेळाला माझ्या बायकोसकट आम्ही चौघं गेलो. नायिकेनं गाणं सुरू केलं मात्र, तात्या बाकावर पडद्याकडे पाठ करून बसले आणि आक्कांना सिनेमा सांगू लागले. नायिका तेच, तिचा खाष्ट बाप तेच, बंदूक घेऊन आलेला खलनायकही तेच.

"ओ मिशावाले!" मागनं कुणीतरी ओरडलं. "हात खाली करा, आम्हाला काय दिसत न्हाय!"

तात्यांनी हात खाली केले नाहीत. खेळ संपेपर्यंत ते घामानं भिजले होते.

परतताना टांग्यात मी म्हटलं, "तात्या, आक्कांना विचारा तरी, कसा वाटला सिनेमा."

त्यांनी विचारलं. आक्कांनी हात हलवून लांबलचक काहीतरी सांगितलं. तात्या एकदम तोंड फिरवून रस्त्याकडे बघायला लागले.

"काय म्हणाल्या?"

मिशी पुसत म्हणाले, "म्हणते, पडद्याकडे बघायला सवडच झाली नाही."