येमाजी घाऱ्याची हजिरी लागली ते वर्तमान

श्री गजाननास दंडवत, श्री शारदेस दंडवत, आणि राज्याच्या दफ्तरात सुखाने नांदणाऱ्या वाळवीसही एक दंडवत, की तिने एवढे कागद भक्षूनही लिहिणारापुरते काही राखिले. शके सोळाशे एकोणपन्नास, प्लवंगनाम संवत्सर, आश्विन शुद्ध दशमीचे दिवशी भर दरबारात जे घडले, ते महाराजांनी आज्ञा केली की जैसे जाहले तैसे लिहिणे, पदरचे काही घालू नये. पदरचे न घालता लिहिणे हे आम्हां लोकांस उपवासाहून अवघड, परंतु आज्ञा शिरसावंद्य जाणोन लिहितो ऐसे.

राज्याचे नाव सांगावयाचे प्रयोजन नाही, ज्यास दफ्तर आहे आणि दफ्तरास शिरस्ते आहेत ते कोणतेही राज्य घ्यावे. या राज्यात पायदळाची दोन पथके नामांकित, एक तांबड्या फेट्याचे आणि एक हिरव्या फेट्याचे, आणि रणाच्या धुरळ्यात मुखे कोण ओळखतो, म्हणोन फेटा पाहावा आणि गडी लिहावा ऐसा दफ्तराचा शिरस्ता. आणि दरसाल दसऱ्यास दरबार भरावा, भालदाराने मानकऱ्यांची नावे पुकारावी, ज्यास रणात रुप्याचे कडे अथवा मानाचा शेला मिळाला त्याने पुढे होऊन हाजीर म्हणावे, आणि जो रणी पडला त्याच्या नावास घरच्या माणसाने साद द्यावी, की गडी गेला तरी हजिरी चुकू नये. तीन वेळां पुकारून साद न आली तर गैरहजर लिहावे. रीत फार चांगली, जुन्या लोकांनी विचाराने घातलेली. परंतु शिरस्ता घालणाराने हे ध्यानी घेतले नाही की फेटा डोईवर बसतो तैसा उतरतोही.

चाळीसएक वर्षांमागे, थोरले महाराज गादीवर असता, गनीम मोठ्या जमावाने चालून आला, आणि आपली आघाडीची फौज नदीच्या पैलाड अडकून पडली, आणि नदीस पूर. अलीकडच्या घाटावर चौकीस दोघेच ठेविले होते, तांबड्या पथकाचा कुसाजी दरेकर आणि हिरव्या पथकाचा येमाजी घारे. दोघांस नुकते मिसरूड फुटले होते, आणि पंधरा रोज एका तव्यावरची भाकरी खाता खाता जीवास जीव जडला, मग एके सांजेस घाटावरच्या देवळापुढे दोघांनी फेटे बदलिले आणि भाऊ जाहले. फेटे बदलून जाहलेला भाऊ पाठच्या भावाहून जवळचा, आणि बदललेला फेटा दुसरा दिवस मावळेतो उतरू नये, उतरला तर भाऊपण उतरते, ऐसी त्या मुलखातील चाल. त्या सांजेस पाहावयास देवळातील नंदीखेरीज कोणी नव्हते. आणि दुसरे दिवशी उजाडता उजाडता गनिमाने पैलाडच्या फौजेस घेरिले. नावा अलीकडे उभ्या होत्या, परंतु दोर ताणिल्याविना त्या धारेत नाव टिकेना. मग टेकडीवरून सेनापतींनी पाहिले की एक तांबडा फेटा कमरेस दोर बांधोन पाण्यात शिरला, आणि एक हिरवा फेटा अलीकडे दोर सोडीत राहिला, आणि दोहोंवर गोळ्यांची वृष्टी. दोर पैलाड पोहोचला, नावा चालिल्या, फौज वाचली, आणि हिरवा फेटा पाण्यात पडला तो दिसेनासा जाहला. सेनापतींनी उभ्या जागी आज्ञा केली, तांबड्यास रुप्याचे कडे देणे, हिरवा पडला त्याच्या घरी मानाचा शेला पोहोचविणे.

दफ्तर लागले कामास. तांबड्या पथकात कोण नाही, तर कुसाजी नाही, मग नदी ओलांडिली ती कुसाजीने आणि नंतर रणी कामास आला ऐसे ठरविले, आणि कडे त्याच्या मातुश्री चिमाईकडे रवाना केले. हिरव्यात कोण नाही, तर येमाजी नाही, मग शेला येमाजीच्या घरी रवाना केला. पुढे महिन्याने येमाजी आपल्या पायांनी चालत आला. तो पैलाड एका कोळ्याच्या खोपटात तापाने पडला होता. आला तो घरी न जाता आधी चिमाईकडे गेला, की भावाचा फेटा तिच्या हाती द्यावा आणि जाहले ते सांगावे. तो अंगणात पाहतो तो बायाबापड्या जमल्या आहेत, आणि चिमाई मांडीवर कडे घेऊन बसली आहे, आणि म्हणते आहे की माझ्या कुसाने नदी ओलांडिली. येमाजीने फेटा तेवढा तिच्यापाशी ठेविला, काठावर सापडला म्हणाला, आणि निघाला. मग दफ्तरात गेला तो कारकून म्हणाले, शेला मेल्याचा, आणि तू तर जिवंत दिसतोस, त्या अर्थी दोर धरणारा तू नव्हेस, मग चौकी सोडून होतास कोठे? येमाजी काही बोलेना. मग शेला परत घेऊन जामदारखान्यात बेवारस ठेविला, आणि येमाजीच्या नावापुढे चौकी सोडून गैरहजर ऐसा शेरा मारिला. तो जिवंत तर मग पाण्यात पडला तो हिरवा कोण, हे पुसावे ऐसे कोणाही शहाण्याच्या मनात आले नाही, कारण जेवणाची वेळ जाहली होती.

त्या एका शेऱ्याने येमाजीचे आयुष्य खाल्ले. पथकातून नाव गेले, गावात पोरेटोरे पळपुटा म्हणू लागली, लेकीच्या सोयरिकी दारातून माघारी गेल्या, आणि बायको जन्मभर पुसत राहिली की तुम्ही होता कोठे, आणि पुसता पुसताच गेली. परंतु चिमाईचे छप्पर गळू लागले की शाकारावयास येमाजी हजर, लाकूडफाटा सरला की येमाजी हजर. आणि दरसाल दसऱ्यास तो तिला आपल्या गाडीतून दरबारास नेई. ती आत जाई, आणि शेऱ्यामुळे त्यास आत मज्जाव, म्हणोन तो दरवाजाबाहेर बैल धरून उभा राही. आतून भालदाराची पुकार येई, कुसाजी दरेकर, रुप्याचे कडे, आणि मग चिमाईची हाजीर ऐकू येई, आणि येमाजी बैलाच्या मानेवरून हात फिरवी. त्यास दुःख नव्हते ऐसे आम्ही लिहिणार नाही. दुःख पुष्कळ होते. एकदा, एकदाच आपलेही नाव त्या दरवाजातून ऐकू यावे ऐसे त्यास वाटे, आणि वाटल्याची लाज वाटे.

ऐसे चालता चालता हे साल उजाडले. दसऱ्याच्या आधी दोन रोज गाडी त्याच नदीच्या उतारावर आली, आणि पाण्याचा अदमास चुकला, आणि बैल धारेत अडले, गाडी एका अंगास कलली. चिमाई गाडीत, वय नव्वदीच्या घरात. येमाजी साठीस टेकलेला, परंतु त्याने क्षण दवडिला नाही, कासरा सोडून त्याचे एक टोक गाडीस आणि दुसरे आपल्या कमरेस बांधिले, आणि धार कापीत काठास गेला, झाडास वेढा दिला, आणि हळूहळू बैलांसुद्धा गाडी ओढून काढिली. चिमाईने गाडीतून सर्व पाहिले. काठास लागल्यावर तिने त्यास जवळ बोलाविले आणि म्हणाली, "येमा, कुसाला पान्याचं भ्या हुतं. त्याचा बाप ह्याच नदीत गेला, तवापास्नं पोरगं गुडघ्याच्या वर पान्यात शिरलं न्हाई. मी इतकी वरसं मनाला सांगत आले, येळ पडली म्हंजी मानूस पवतं. आता तू सांग, त्या दिशी नदी कोन पवलं?" येमाजी धोतराचा पिळा पिळीत राहिला, आणि पाणी सरले तरी पिळीत राहिला. म्हातारी समजली.

मग चिमाई दरबाराची वाट न पाहता येमाजीस सोबत घेऊन तडक दफ्तरात गेली, आणि बापूजी गोपाळ म्हणोन कारकून आहेत त्यांचे पुढे कडे ठेविले आणि म्हणाली की हे माझ्या पोराचे नव्हे, ज्याचे त्याच्या नावे लिहा. बापूजी गोपाळ गडबडले. दफ्तरात मान मागावयास पुष्कळ येतात, मिळालेला परत करावयास आजवर कोणी आले नव्हते, सबब त्यास शिरस्ता नव्हता. त्यांनी साक्षीदार पुसले, ती म्हणाली घाटावरच्या देवळातील नंदी आहे. त्यांनी सांगितले, शुक्रवारी या. ती म्हणाली, शुक्रवारपावेतो मी राहीन ऐसे लिहून द्या, मग येते. मग प्रकरण दफ्तरदार नारो त्र्यंबक यांजकडे गेले. नारोपंत मोठे सज्जन, परंतु शिरस्त्याचे पक्के. ते विचार करून बोलिले की एक कडे दोन नावांवर राहत नाही. कुसाजीचे नाव खोडिले, तर त्या दिवशी कुसाजी होता कोठे हे लिहावे लागेल, आणि ते ठाऊक नाही, त्या अर्थी गैरहजर हा शेरा येमाजीवरून उतरून कुसाजीवर बसेल. हे ऐकूनही चिमाईने कडे मागे घेतले नाही. येमाजीने मात्र तिथल्या तिथे पाय मागे घेतला, आणि हात जोडून म्हणाला की म्हातारीचे वय जाहले, तिला भ्रम पडला, नदी कुसाजीच पोहला, मी चौकी सोडून गेलो होतो. आपल्या तोंडाने आपणांस पळपुटा म्हणवून घेणारा इसम आम्ही तो पहिलाच पाहिला.

तेव्हा नारोपंतांनी शपथेसाठी बेलभंडार मागविला, आणि येमाजीच्या तळहातावर ठेविला, आणि बोलिले की आता हेच पुन्हा सांग. येमाजी हाताकडे पाहत राहिला. सबंध जन्म त्याने मौन धरिले होते, परंतु बेलभंडार उचलोन खोटे बोलणे त्याच्याने होईना, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. मग नारोपंतांनी हळूच पुसले, "नदी कोण पोहला ते मग लिहू. दोराचे दुसरे टोक कोणाचे हाती होते, तेवढे सांग."

येमाजी म्हणाला, "कुसाच्या. आदल्या सांजंला आमी फेटे बदललं हुतं, माझा हिरवा त्याच्या डोईला हुता. दोर आखूड पडत हुता, म्हून त्यो माझ्यामागं पान्यात उतरला. मी मधल्या धारेला असताना त्याला गोळी लागली. दोराला हिसका बसला तसं मी माघारी बघितलं, तर त्यानं दोर अंगाभवती गुंडाळला आन् जा म्हून हात केला. मी पल्याड दोर बांधीस्तवर त्यो हुबा हुता. मग काठाला जाऊन त्यानं ह्ये टोक खांबाला बांधलं, आन् तवा पान्यात पडला. मी पवनारा, म्हून गेलो, त्यात काय न्हाई. त्याला पान्याचं भ्या हुतं, आन् त्यो कंबरभर पान्यात हुबा राह्यला."

"कंबरभर?" चिमाईने पुसले.

"कंबरभर, आई," येमाजी म्हणाला.

मग म्हातारी खाली बसली आणि पदर तोंडास लावून रडली, आणि कोणी तिला उगी राहा म्हटले नाही. चाळीस वर्षे तिच्यापाशी जो पुत्र होता तो पोहणारा, शूर, आणि काहीसा परका. आज तिचा स्वतःचा पुत्र तिला परत मिळाला, पाण्यास भिणारा, आणि भिऊनही उभा राहिलेला. बापूजी गोपाळ यांनी लेखणी खाली ठेविली आणि उपरण्याने नाक पुसले, आणि दौतीचा दर्प फार म्हणाले. नारोपंत उठोन जातीने जामदारखान्यात गेले. तेथे तो बेवारस शेला दरसाल दसऱ्यापूर्वी उन्हास घालावा आणि कडुनिंबाचा पाला घालून पुन्हा ठेवावा ऐसे चालत होते, कोणाचा हे ठाऊक नसता. तो त्यांनी आणून म्हातारीच्या मांडीवर ठेविला आणि बोलिले की हा हिरव्या फेट्याचा, आणि हिरवा फेटा त्या दिवशी तुमच्या चिरंजीवांचे डोईस होता, उशीर जाहला त्याची क्षमा असावी. आणि त्याच आसनावर दोन्ही नोंदी दुरुस्त केल्या, आणि शेरा खोडिला, तो ऐसा खोडिला की कागदास भोक पडले.

दसऱ्यास दरबार भरला. महाराज सिंहासनी, मानकरी उभे, आणि येमाजी प्रथमच दरवाजाच्या आत. बैल बाहेर पहारेकऱ्याने धरिले. भालदाराने पुकारिले, कुसाजी दरेकर, मानाचा शेला. चिमाई काठी टेकीत पुढे जाहली, हाजीर म्हणाली, आणि तेथेच उभी राहिली. मग भालदाराने पुकारिले, येमाजी घारे, रुप्याचे कडे. येमाजीने तोंड उघडिले, आणि शब्द निघेना. भालदाराने दुसऱ्यांदा पुकारिले. बापूजी गोपाळ यांनी लेखणी उचलिली, कारण तिसऱ्यांदा साद न आली तर काय लिहावे हे शिरस्त्यात स्पष्ट आहे. तिसरी पुकार जाहली. तेव्हा चिमाई वळली, त्याचा हात धरोन त्यास पुढे घेतले, कडे त्याच्या मनगटात चढविले, आणि भालदाराकडे पाहून म्हणाली, "हाजीर. ह्यो बी माझाच."

मेलेल्याखेरीज कोणाच्या नावास दुसऱ्याने साद देऊ नये ऐसा शिरस्ता आहे, आणि तो बापूजी गोपाळ यांस मुखोद्गत आहे. त्यांनी महाराजांकडे पाहिले नाही, नारोपंतांकडे पाहिले नाही, आणि लिहिले की हाजीर, आईने साद दिली.

येणेप्रमाणे दोन गड्यांचे मान ज्याचे त्यास पावले, आणि राज्यात कोणाची जहागीर गेली नाही, कोणता गड पडला नाही, सबब पुढील बखरकार हे वर्तमान गाळतील म्हणोन येथे लिहून ठेविले. पदरचे काही घातले नाही. शेवटी अक्षर पुसट दिसेल, ते शाईचे पाणी नव्हे, वाचणाराने समजून घ्यावे.