त्सेकोच्या सासूबाईंचा तंबू

त्सेको दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेनमध्ये लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. त्यामुळे डोंगरातले रस्ते म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ, असं त्याचं ठाम मत होतं.

"ईस्टरला मालुतीच्या डोंगरात जायचं!" त्याने बायकोला, पुसेलेत्सोला, जाहीर करून टाकलं. "पानगळ ऐन रंगात आलीये. ओढ्याकाठी तंबू ठोकू, शेकोटी करू. आणि तुझ्या आईलाही नेऊ."

पुसेलेत्सोच्या हातातला कप खाली पडता पडता वाचला. तिची आई दिसेबो, जिला सगळे म्मे म्हणजे 'आई' म्हणत, जावयाशी फक्त नाइलाज झाला तरच बोलायची. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी त्याचा उल्लेख 'आमच्या मुलीचा ड्रायव्हर' असाच! त्सेकोने ठरवलं होतं, यंदा म्हातारीचं मन जिंकायचंच.

तंबू मागायला तो मित्राकडे गेला. मोलेफीचा लग्ना-मयतांना तंबू भाड्याने द्यायचा धंदा होता.

"मोठा दे रे," त्सेको म्हणाला. "सासूबाईंसाठी हवाय. त्यांना डोंगरात न्यायचंय."

मोलेफीचा चेहरा एकदम उतरला. त्याने त्सेकोचा हात हातात घेतला. "धीर धर, मित्रा."

"धीर तर धरायलाच लागणार!" त्सेको हसून म्हणाला. मोलेफीला त्या हसण्याचं फार वाईट वाटलं. दुःखाने माणसाचं असंही होतं, असं म्हणत त्याने स्वतःच्या हाताने ट्रेलर गाडीला जोडून दिला.

रस्ता अप्रतिम होता. सोनेरी कडे, पिवळेजर्द पॉप्लर, वर निळंशार आभाळ! त्सेको प्रत्येक वळणावर ओरडायचा, "म्मे, डावीकडे बघा!" म्मे दिसेबोंनी दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली होती.

"तू समोर बघ! डावीकडे दरी आहे!"

पुढे पुढे तर त्यांनी डोळेच मिटले आणि मागच्या सीटवर अंथरलेल्या गादीवर आडव्या होऊन त्या मनातल्या मनात प्रार्थना म्हणू लागल्या. चढावर गाडी म्हशीसारखी धापा टाकत होती. हल्लीचे तंबू भलतेच जड झालेत, एवढंच त्सेकोच्या मनात आलं.

दुपारी ते ओढ्याकाठच्या मोकळ्या जागेवर पोचले आणि त्याने ट्रेलरवरची ताडपत्री उचलली. आत खांबच खांब! आणि पांढऱ्याशुभ्र कापडाचा हा एवढा ढीग! लग्नाच्या, नाहीतर मयताच्या मांडवाचा. पुसेलेत्सोने कपाळावर हात मारला आणि बादली उचलून ती पाणी आणायला निघून गेली. नवऱ्यावर ओरडण्यापेक्षा ते बरं.

त्सेको एक खांब घेऊन झगडत होता, तेवढ्यात पांढरं कापड बघून वरच्या वाडीवरून घोंगड्या पांघरलेली माणसं खाली उतरली. भराभर दोर बांधले, खुंट्या ठोकल्या, तंबू उभा केला! त्सेकोला भरून आलं. वाडीचे प्रमुख मोखेले, ज्यांना सगळे न्ताते म्हणजे 'बाबा' म्हणत, टोपी काढून हलक्या आवाजात म्हणाले, "कोण?"

"सासूबाई. गाडीत आडव्या आहेत."

"फार त्रास झाला का त्यांना?"

"वळणांवर झाला थोडा. मग डोळे मिटले, ते काही उघडलेच नाहीत. आता कशा शांत दिसताहेत बघा!"

न्ताते मोखेलेंनी मान खाली घातली. चार बायकांनी म्मे दिसेबोंना गादीसकट अलगद उचलून तंबूत नेलं. प्रवासाच्या काळजीने आदली रात्रभर जागलेली म्हातारी हूं की चूं न करता घोरत राहिली. पण घोरणं ऐकू यायच्या आत बायकांनी स्तोत्र सुरू केलं होतं!

बाहेर त्सेको ओल्या लाकडांची शेकोटी फुंकत होता. धुराने डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. न्ताते मोखेले त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "रड बाळा, मोकळा हो."

"धूर आहे हो, न्ताते!"

"आमच्याकडेही पुरुष असंच म्हणतात."

आत म्मे दिसेबोंनी डोळे उघडले. वर पांढरंशुभ्र छत, उशाशी मेणबत्ती, भोवती गाणाऱ्या बायका! त्यांना वाटलं, शेवटी पाडलंच त्याने दरीत. शेजारच्या बाईला त्यांनी हळूच विचारलं, "बाई, माझ्या जावयाला कळलं का?"

"कळलं हो," ती डोळे पुसत म्हणाली. "बाहेर बसून ढसाढसा रडतोय बिचारा."

मग आपण कुणाशी बोललो ते तिच्या ध्यानात आलं.

ती किंकाळी पार खालच्या घाटापर्यंत गेली असेल! सगळ्या बायका एकाच दाराकडे धावल्या, मधला खांब निसटला आणि अख्खा तंबू धप्पकन खाली बसला. "म्मे!" असं ओरडत त्सेकोने कापडाखाली सूर मारला. चाचपडत, गुदमरत त्याने सासूबाईंना ओढून बाहेर काढलं. गवतावर बसवून तो त्यांचे हातपाय चाचपून बघू लागला.

म्मे दिसेबोंनी त्याचा ओला चेहरा दोन्ही हातांत धरला. "माझ्यासाठी रडलास, त्सेको?"

नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून त्याचं नाव आलं होतं! खरं सांगायला त्याने तोंड उघडलं. पाणी घेऊन परतलेल्या पुसेलेत्सोने त्याच्या पायावर पाय दिला.

"हो, म्मे," तो म्हणाला.

सगळा उलगडा झाला तेव्हा न्ताते मोखेले पोट धरून इतके हसले की त्यांनाच धरून बसवावं लागलं. मयताच्या जेवणासाठी मेंढा कापलेला होता, मक्याचं पातेलं चुलीवर चढलेलं होतं. आता ते वाया थोडंच घालवायचं? तंबू पुन्हा उभा राहिला आणि सगळी वाडी जेवायला बसली. पॉप्लरची पिवळी पानं ताटांत येऊन पडत होती. त्सेको वाढायला उठला. ना ओळख, ना पाळख. डोंगरात परक्याच्या दारी दुःख दिसलं, आणि ही माणसं हातातली कामं टाकून धावत आली होती. त्यांचे आभार कसे मानावेत ते त्याला सुचेना, म्हणून तो नुसताच वाढत राहिला.

दुसऱ्या दिवशी निघताना म्मे दिसेबो आपण होऊन पुढच्या सीटवर बसल्या. पहिली दोन वळणं डोळे उघडे ठेवून पाहिली. मग तृप्त सुस्कारा सोडून म्हणाल्या, "त्सेको, पुढच्या वर्षी माझ्या तिन्ही बहिणींनाही आणू या. त्यांचे जावई कुठले रडायला, त्या तिघींसाठीही तूच रड!"