लोटनआप्पांचे दोन फलाट

आमच्या तळोद्यात कुणाचा मुलगा किंवा मुलगी एमबीबीएस होऊन पुढं पीजीच्या परीक्षेत पास झाली, की निकालाचा कागद आधी देवापुढे ठेवतात आणि मग लोटनआप्पांपुढे. आप्पा डॉक्टर नाहीत. जुनी मॅट्रिक, तीही दुसऱ्या फटक्यात. पण बसस्थानकावर बत्तीस वर्षं नोकरी करून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेल्या या माणसाच्या ओट्यावरच ठरतं, तालुक्यातल्या पोरांनी डॉक्टरकीत पुढं काय शिकायचं आणि कुठल्या गावी.

ठरवण्याची त्यांची रीत अशी. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून त्यांनी चिठ्ठ्या केल्या आहेत. एका चिठ्ठीवर एक जागा, म्हणजे शहर आणि शाखा. उमेदवाराला खाटेवर बसवायचं. मग दोन चिठ्ठ्या उचलायच्या, घसा साफ करायचा आणि स्थानकावरच्या भोंग्याच्या आवाजात सुरू व्हायचं : ‘‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! फलाट क्रमांक एकवर लातूर, हाडांचे. फलाट क्रमांक दोनवर मिरज, भुलेचे. दोन्ही गाड्यांमध्ये जागा रिकामी आहे.’’

एवढी दोन-चार वाक्यंच काय ती आप्पा शुद्ध मराठीत बोलतात. लगेच गाडी अहिराणीवर येते. ‘‘बोल, कोणती लेशी?’’ आणि शिट्टी वाजते. शिट्टी संपायच्या आत एक चिठ्ठी उचलायची. उचललेली वर, राहिलेली खाली. असं जोडीजोडीनं करत सगळ्या चिठ्ठ्या खाटेवर उभ्या ओळीत लागल्या की ती झाली पसंतीची यादी. ती संगणकावर भरायचं काम माझं, कारण मी शेजारी राहतो, हायस्कुलात विज्ञान शिकवतो आणि माझ्याकडे लॅपटॉप आहे. यातलं कुठलं कारण आप्पांना जास्त महत्त्वाचं वाटतं, हे मी विचारलेलं नाही.

उमेदवार चिठ्ठी उचलताना अडखळला आणि म्हणाला, ‘‘पण आप्पा, एवढ्या रँकला ही मिळेल का?’’, तर संपलंच.

‘‘पहिले गाव सांग!’’ आप्पा ओरडतात. ‘‘जागा शे का नही, ते मंग देखू.’’

हा राग बसस्थानकावरचा आहे. बत्तीस वर्षं लोक खिडकीशी येऊन आधी विचारायचे, गाडीत जागा आहे का. कुठं जायचं ते सांगायचेच नाहीत. आणि गंमत म्हणजे आप्पांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. संगणक गुणवत्तेनं पहिल्या मुलापासून सुरुवात करतो, त्याची यादी वरून खाली वाचतो, पहिली रिकामी दिसेल ती जागा त्याला देतो आणि पुढच्याकडे वळतो. न मिळणारी जागा वर लिहिली म्हणून खालची हातची जात नाही. पण लोकांना हे पटत नाही. म्हसावदच्या एका हुशार पोरानं आप्पांना न विचारता घाबरत घाबरत सगळ्यात सोपी जागा पहिली लिहिली. ती त्याला मिळालीही. त्याला मनातून हवी होती ती पुण्याची जागा त्याच्याहून मागच्या रँकच्या मुलीला गेली. पोरगा पेढे घेऊन आला, तर आप्पांनी पेढा हातात धरून ठेवला आणि म्हणाले, ‘‘तुले ती भेटती रे! तू मांगीच नही.’’ मग बिचारा पेढ्यांचा बॉक्स घेऊन तसाच परत गेला.

कॉलेज आप्पांनी एकही पाहिलेलं नाही. त्यांना शहरं कळतात ती तिथल्या बसस्थानकावरून. ‘‘सोलापूर? काही घोर नको. उतरनं का डावा हातले पानी शे.’’ शाखांबद्दलही त्यांची मतं आहेत. भूलतज्ज्ञ व्हायला कुणी नाखूश असेल तर त्याला समजावतात, ‘‘लोकेसले झोपाडाना पगार भेटस. आनखी काय जोयजे?’’ त्वचारोगाला ते नोकरीच मानत नाहीत, कारण त्यात कुणी तातडीनं येत नाही आणि तातडीशिवाय डॉक्टर कसला.

आप्पांची एकुलती एक मुलगी रोहिणी. माझी विद्यार्थिनी. एमबीबीएस झाल्यावर तिनं एक वर्ष सातपुड्यातल्या एका आरोग्य केंद्रात काढलं. सोमवारी पहाटेच्या जीपनं वर जायची, शनिवारी खाली यायची. तिथं कमी वजनाची बाळं पाहून पाहून तिनं ठरवलं, बालरोगच करायचं. आई चार वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून घरात ही दोघंच.

यंदा तिचा निकाल लागला. रँक चांगली होती. यादी करायच्या दिवशी आप्पांनी मला दुपारी बोलावलं.

‘‘सर, आज घोषणा तुम्ही करा. मन्हा घसा बसेल शे.’’

घसा उत्तम होता. सकाळीच त्यांनी भाजीवाल्याशी कडाक्याचं भांडण केलं होतं, ते मी ऐकलं होतं. पण मी चिठ्ठ्या घेतल्या. मला ती घोषणा काही जमली नाही. रोहिणी हसली, म्हणाली, ‘‘सर, तुमची गाडी सुटायची नाही.’’ तरी काम पुढं सरकत होतं. वीस-बावीस चिठ्ठ्या भराभर लागल्या. शेवटी सगळ्यांच्या वर लावायच्या दोनच हातात उरल्या. फलाट एकवर नागपूर, बालरोग. फलाट दोनवर धुळे, बालरोग.

नागपूरला नवजात बाळांचं काम जास्त शिकायला मिळेल, असं तिच्या डोक्यात पक्कं होतं. डोंगरातून उतरली की ती माझ्याकडे त्याबद्दलच बोलायची. तिनं आप्पांकडे पाहिलं आणि धुळ्याची चिठ्ठी उचलली.

‘‘मन्हाकडे काब्र देखी ऱ्हायनी?’’ आप्पा म्हणाले. ‘‘मी काय रँक शे का? सर, परत बोला.’’

मी परत बोललो. तिनं परत आप्पांकडे पाहिलं, परत धुळं उचललं.

‘‘आप्पा, धुळंच बरं शे. जवळ शे.’’

आप्पा उठले. खुंटीवरची पिशवी काढली. ‘‘घरमा कोथमीर नही,’’ म्हणाले आणि बाहेर पडले. दुपारी दोन वाजता तळोद्यात कोथिंबीर कोण विकतंय? खिडकीतून दिसत होतं. फाटकापाशी लिंबाखाली दगडावर ते आमच्याकडे पाठ करून बसले होते. पिशवी मांडीवर.

रोहिणीनं धुळ्याची चिठ्ठी परत खाटेवर ठेवली. माझ्याशी ती अजून शाळेतल्यासारखी पुस्तकी मराठी बोलते. म्हणाली, ‘‘सर, मी डोंगरात असते तेव्हा ते भाजी करत नाहीत. पाच दिवस दूध-भाकरी खातात. मी शनिवारी येणार म्हणून शनिवारी वांगी आणतात. त्यांना वाटतं, मला माहीत नाही.’’

मी शिट्टी वाजवली. ती रडत होती, पण हात नागपूरवर गेला. धुळं तिनं त्याच्या खाली ठेवलं, नीट, कडेला कडा लावून. मी यादी भरली, तिनं दोनदा तपासली आणि स्वतःच्या बोटानं लॉक केली. पुढं पहिल्याच फेरीत तिला नागपूर मिळालं, हे इथंच सांगून टाकतो. पण मला सांगायचंय ते त्याच दुपारचं.

मी बाहेर आलो, म्हटलं, ‘‘झालं आप्पा.’’

काय लिहिलं, ते त्यांनी विचारलं नाही. बसायला जागा करून दिली. मग म्हणाले, ‘‘सर, एकदाव लॉक झायं म्हंजे काहीच बदलता येस नही ना?’’

कितीतरी पोरांना हा नियम त्यांनीच दटावून सांगितलेला. मी म्हटलं, ‘‘नाही आप्पा.’’

‘‘नही, आपलं इचारं.’’ पिशवीची घडी घातली, परत उलगडली. ‘‘धुळाहून ती रविवारे घर येती. सकाळनी गाडीवर उनी का सांजनी गाडीवर परत. मी गाड्या देखी ठेवेल व्हत्या.’’

मला फार वाईट वाटलं. आत जाऊन लॅपटॉप उघडावा आणि काहीतरी करता येतं का बघावं, असं क्षणभर मनात येऊनही गेलं. आप्पांनी बहुतेक ते ओळखलं. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून ते उठले, रिकामी पिशवी झटकली आणि दारापर्यंत जाऊन आत मोठ्यानं म्हणाले,

‘‘रोहिणी, नागपूरले उन्हाळा भलता तपस. वारानी खोली देखजो, बेटा.’’

नागपूर वर गेलंय, हे आम्ही दोघांनीही त्यांना सांगितलं नव्हतं.