पित्तप्रकृतीची गाडी

आमच्या शेजारचे इंगोले काकाजी गाडीची नाडी बघतात. गाडी म्हणजे रस्त्यावरची नव्हे. हातभर लांबीची, लाल रंगाची, रिमोटवर पळणारी. अंगणात दोन चकरा मारून ती परत आली की काकाजी पाटावर बसतात, तिला मांडीवर घेतात, डोळे मिटतात आणि तीन बोटं इंजिनाच्या डोक्यावर टेकवतात. त्या वेळी त्या डोक्यावर पापड भाजून निघेल. काकाजी "स्स्स" करतात, बोटं कानाच्या पाळीला लावतात आणि निदान सांगतात, "पित्त वाढलं."

त्यांच्या बोटांवरच्या रेषा या नादात केव्हाच जळून गेल्या आहेत. मागे सिमकार्ड घ्यायला गेले, मशीनवर बोट ठेवलं, तर मशीन बराच वेळ विचार करत बसलं आणि शेवटी त्याने दुकानदाराचंच नाव दाखवलं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. निदान पाहिलं असं मी सगळ्यांना सांगतो.

काकाजी मुळात आयुर्वेदाचे डॉक्टर. वर्ध्याच्या कापूस बाजारामागे त्यांचा दवाखाना आहे, आता सकाळचाच उघडतो. आसपासच्या गावांतली निम्मी पोटं त्यांनी साफ केली असतील, कारण त्यांचा विश्वास एकाच औषधावर: एरंडेल. पोट दुखतं? एरंडेल. गुडघा धरला? एरंडेल. पोरीचं लग्न जमत नाही? "तिच्या बापाले रात्री एरंडेल दे. डोकं हलकं झालं का हुंडा मागणाऱ्याले बरोबर हाकलते."

ही गाडी त्यांच्या पुण्यातल्या मुलाची. त्याच्या फ्लॅटच्या सोसायटीने ती पहिल्याच रविवारी हद्दपार केली. त्याने खोक्यात घालून वर्ध्याला आणली, म्हणाला, "बाबा, माळ्यावर ठेवून द्या." काकाजींनी ठेवली नाही. आमची झोप तिथून उडाली.

आधी मला वाटलं होतं, त्यात पेट्रोल टाकत असतील. तसं बोलून गेलो. काकाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी बाळंतिणीला शिळी भजी दिली.

"पेट्रोल? अरे बाबू, हे त्रिदोषाचं इंजिन हाय! यात तीन चिजा. एक मेथॅनॉल. झाकण उघडं राह्यलं का उडते, हवेतलं पाणी पेते, एका जागी थांबत नाई. म्हणजे वात. दुसरं नायट्रो. तेच्यानं जोर येते, आग येते. म्हणजे पित्त. तिसरं तेल. जड, चिकट, गपगार. म्हणजे कफ. आता तिन्हीचा मेळ कसा बसवाचा ते कशावर?"

"किमतीवर?"

"प्रकृतीवर! प्रकृती पाहा, प्रकृती! नायट्रो दहा टक्के म्हणजे शिकाऊ पोराचं. तीस टक्के म्हणजे पहेलवानाचं, शर्यतीतलं. अन् हे इंजिन? हे संसारी माणूस हाय. हेले सोळा ते वीस. जास्त देलं तं जोर वाढत नाई, आयुष्य घटते."

हे सगळं बरोबर होतं, हे मला नंतर कळलं. चीड त्याचीच येते. माणूस पूर्ण चुकीचा असता तर मी सुखाने भांडलो असतो.

इंजिन नवं होतं तेव्हा त्याला आधी सावकाश, भरपूर तेलावर चालवावं लागतं म्हणे. काकाजींनी त्याला सरळ बाळंतिणीसारखं सांभाळलं. ऊन लागू नये म्हणून वर काकूची जुनी सुती साडी. माझ्या बायकोने मिक्सर लावला तर भिंतीवरून आवाज, "हळू वो बाई, इथी इंजिन आराम करून राह्यलं!" एकदा कोणीतरी स्वस्तात मिळालं म्हणून खेळण्यातल्या विमानाच्या इंधनाचा डबा आणून दिला. काकाजींनी हुंगला आणि परत केला. "विमानाले वरून गार हवा भेटते, बापू. आमची गाडी जमिनीवर, अन् जमीन वर्ध्याची, अन् महिना मे. तेलाचं मान निराळं. कोणाचं बी औषध कोणालेबी नाई चालत."

इथपर्यंत ठीक होतं. पण मग त्यांनी विकतच्या इंधनात दवाखान्यातलं एरंडेल ओतायला सुरुवात केली.

वाचकहो, जळकं एरंडेल तुम्ही हुंगलं नसेल तर तुमचं पुण्य मोठं. निळा धूर फाटकातून निघायचा, लेआउटभर, म्हणजे आमच्या सगळ्या वसाहतीत, फिरायचा आणि प्रत्येक घरात पाहुण्यासारखा बसायचा. आवाज असा की डासाच्या गळ्यात कोणी भोंगा बांधलाय. कावळे उडाले ते पुलगावलाच उतरले. समोरच्यांच्या म्हशीने आठवडाभर थेट ताक दिलं. आणि महिनाभरात आमच्या लेआउटात बद्धकोष्ठाचा एकही रुग्ण औषधाला उरला नाही. काकाजींचाच धंदा बसला, पण ते ऐकतील तर शपथ.

मला खरा राग मात्र धुराचा नव्हता. राग होता तो काकूंसाठी.

इंदूकाकू म्हणजे एके काळी आमच्या लेआउटचा भोंगा. दूधवाल्याने पाणी घातलं तर ती आमच्या गल्लीतून बोलायची आणि दूधवाला स्टेशनवर माफी मागायचा. काकाजींना तर ती उठल्यापासून झोपेपर्यंत रागवायची, तेही एकदा वापरलेला शब्द दुसऱ्यांदा न वापरता. मागच्या वर्षी तिला लकवा मारला. हातपाय हळूहळू वळणावर आले, पण बोलणं गेलं. व्हरांड्यात खुर्चीवर बसायची, पायांवर शाल, नजर फाटकाकडे. दवाखान्यात सांगितलं होतं, वाचा परत येऊ शकते, पण तिला बोलावंसं वाटलं पाहिजे. काकाजींनी ब्राह्मी दिली, वेखंड दिलं, आरशासमोर बसवून "आ-ई" म्हणायला लावलं. मुलगा रोज फोनवर "आई, काही तरी बोल ना" म्हणायचा. ती फोनकडे बघत राहायची. मग काकाजींनी आरसा परत आत नेऊन टांगला.

आणि त्यानंतर हा माणूस गाडी घेऊन बसला! बायको मुकी बसलीय आणि हा इंजिनाचं पित्त मोजतोय. वरून चकरा मारायच्या त्या नेमक्या तिच्या व्हरांड्यासमोर. मी एकदा स्पष्ट विचारलं, "काकाजी, काकूंचं काय?"

"चालू हाय नं इलाज," म्हणाले, आणि गाडीचा प्लग पुसत बसले.

शेवटी लेआउटची बैठक भरली. आमच्याकडे एक ओपन स्पेस आहे. नकाशात ती बाग आहे. प्रत्यक्षात गाजरगवत आणि एक सिमेंटचा बाक. बाकावर अध्यक्ष, म्हणजे निवृत्त तलाठी उमाटे. बाकी सगळे उभे.

"इंगोले साहेब," उमाटे म्हणाले, "काल आमच्याकडे पोरगी पाहाले पाहुणे आलते. तुमचा धूर आला अन् पाहुण्याले पोरगी दिसलीच नाई."

"मंग नकार देला का?"

"नाई, होकार देला."

"मंग माह्या धुराचे उपकार माना, राजेहो!"

सगळे हसले, पण उमाट्यांनी हसणाऱ्यांकडे तलाठ्याच्या नजरेने पाहिलं आणि निकाल दिला: रविवारपर्यंत धूर बंद, नाही तर गाडी बंद. ती लेआउटात दिसली तर ते स्वतः उचलून नेणार. काकाजींच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. एका खेळण्यासाठी माणूस इतका घाबरतो, याचीही मला चीडच आली.

आणि धूर बंद करायचं काम कोणाच्या गळ्यात? माझ्या. कारण भिंत माझी लागून.

मी नागपूरच्या एका दुकानदाराला फोन केला. त्याने सोयरीक जुळवणाऱ्या मामासारखी चौकशी केली. इंजिन केवढं? जमीन कशी? ऊन किती? मग म्हणाला, "सोळा टक्केवालं घ्या. सिंथेटिक तेलाचं, त्यात एरंडेल मोजकंच. साफ जळते. आणि कृपा करून वरून काही ओतू नका." मी नागपूरला गेलो, डबा घेतला. परत येताना कंडक्टरने हुंगून विचारलं, "यात का हाय?" मी काकाजींच्या सवयीने "औषध" म्हणालो. त्याने मला डब्यासकट खाली उतरवलं. जळणारं सामान एसटीत चालत नाही, हे बरोबरच आहे. मग नागपुरातल्याच मेहुण्याची मोटरसायकल मागितली, डबा पिशवीत मागे बांधला आणि भर उन्हात वर्धा गाठलं. सेलूपर्यंत घामाने माझ्या शर्टाचा रंग पिशवीला लागला होता आणि पिशवीचा मला.

रविवारी सगळा लेआउट जमला. काकाजींनी नवं इंधन भरलं, दोरी ओढली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू! धूर नाही, वास नाही. गाडी अशी पळाली की उमाट्यांची मान तिच्या मागे फिरता फिरता मोडायची राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकाजींनी नाडी पाहिली. बोटं भाजली नाहीत.

"सम प्रकृती," ते म्हणाले. कोणाच्या तरी निधनाची बातमी सांगावी तसे.

"मग तोंड का पाडता?" मी विचारलं. ते व्हरांड्याकडे बघत होते. काकू खुर्चीत होती, नजर फाटकाकडे. मी म्हटलं, या माणसाला सुखच बोचतं. घरी जाऊन झोपलो.

सोमवार, मंगळवार, बुधवार मी दुपारी झोपलो. कावळे पुलगावहून परतले. गुरुवारी मात्र नाकात तो वास शिरला. आणि कसा! आधीच्या दुप्पट. मी बनियनवरच भिंत ओलांडली.

काकाजी गाडीपाशी उकिडवे बसले होते. हातात दवाखान्यातली एरंडेलाची बाटली. टाकीत ओतून झालं होतं. गाडी खोकत, थुंकत, धूर ओकत जागच्या जागी थरथरत होती. त्यांनी खिशातून कापसाचा पुंजका काढला, हवेत सोडला, तो कुठे जातो पाहिलं आणि गाडी थोडी डावीकडे सरकवली.

"काकाजी!" मी ओरडलो. "माझं कातडं सोलून आणलं ते इंधन! इंजिन जाईल!"

"श्शू."

धूर व्हरांड्याच्या पायऱ्या चढला. काकूच्या शालीपर्यंत पोचला. काकूने नाक आक्रसलं. तिचा डावा हात शालीबाहेर आला.

"ब… बंद…" काकूच्या ओठाचा एक कोपरा वर ओढला गेला. "बंद करा… ते… मढं."



काकाजींनी कानामागे हात धरला. "का म्हणलं? आयकू नाई आलं."

"ब… बह… बहिरा!"

काकाजी माझ्याकडे वळले. तोंडभर काजळी, त्यात डोळे चमकत होते. "'बहिरा' नवीन हाय, बाबू," ते हळूच म्हणाले. "याच्या आंदी नोतं."



"वेखंडानं नाई झालं, आरशानं नाई झालं," ते गाडीकडे बघत म्हणाले. "एक दिवस या गाडीत माह्या हातून तेल जास्त पडलं. धूर गेला तिच्या नाकात, अन् ते म्हणली 'मढं'. लकव्यानंतरचा पयला शब्द. पोराचं नाव नाई घेतलं, देवाचं नाई. मढं. मी इथीच बसून रडलो. मंग रोज करून पाह्यलं. रोज एखादा शब्द सापडे. तुह्यं औषध चांगलं हाय रे. इंजिन खुश हाय. पण चार दिवस तुही काकू तोंड उघडून नाई राह्यली. आता मी कोणता पेशंट पाहू?"

गाडीने एक आचका दिला. बंद पडेलसं वाटलं. काकाजींनी घाईने कार्ब्युरेटरचा स्क्रू अर्धा फिरवला.

"बाटली द्या इकडे," मी म्हणालो. टाकीचं झाकण उघडलं आणि उरलेलं एरंडेल ओतलं. धुराचा असा लोट उठला की मला माझेच पाय दिसेनात. डोळ्यांना धारा लागल्या. त्या धुरातून काकूचा आवाज आला, तुटत तुटत, पण थेट माझ्या दिशेने.

"तुले… घर… नाई का?"

काकाजींचा हात स्क्रूवरच राहिला. "पुरं वाक्य," ते पुटपुटले. "पुरं वाक्य बोलली."

"हाय नं, काकू," मी म्हणालो.

"मं… मंग… जा नं!"

तेवढ्यात फाटक वाजलं. उमाटे नाकाला रुमाल लावून उभे होते, गाडी उचलून न्यायच्या तयारीने. मागे चार-दोन माणसं. काकाजी घाबरून गाडी बंद करायला वाकले. मी त्यांचं मनगट धरलं.

"या ना साहेब, आत या," मी उमाट्यांना म्हणालो. "रुमाल काढा, अन् इथे उभे राहा, काकूच्या समोर. जरा जोरात बोला. गाडीबद्दल जे म्हणायचं ते तिलाच म्हणा."