कचरागाडीवरचा आवाज

रायपूर स्टेशनावर ज्यानं विनोदिनीबाई पिंपळापुऱ्यांचा आवाज ऐकला नाही, तो माणूस एकतर रायपूरला कधी आलाच नाही, नाहीतर बसनं आला. असं त्या स्वतःच सांगत. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी चौकशीच्या खिडकीमागे बसून गाड्यांच्या घोषणा केल्या होत्या. गाडी चार तास लेट असल्याची बातमी त्या इतक्या गोड आवाजात देत, की प्रवासी रागवायचं विसरून आणखी एक चहा मागवत.

निवृत्तीनंतर मात्र घोषणा करायला काही उरलं नाही. घरात ऐकणारे एकटे अनंतराव. कुकरची शिटी होत आहे, कृपया लक्ष द्यावे, हे एका नवऱ्याला दिवसातून किती वेळा सांगणार?

त्यामुळे तात्यापारा या त्यांच्या मोहल्ल्याच्या नागरिक समितीच्या बैठकीत कचरागाडीचा विषय निघाला तेव्हा विनोदिनीबाई जरा पुढे सरकून बसल्या. गाडीवर रोज एकच हिंदी गाणं वाजे. ते लोकांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की गाणं वाजलं की लोक कूस बदलत आणि गाडी निघून गेल्यावर डबा घेऊन धावत. सफाईचं काम बघणारा महापालिकेच्या जोन ऑफिसातला यशदीप साहू बैठकीला आला होता. तो म्हणाला, मोहल्ल्याच्या बोलीत काही रेकॉर्ड करून दिलं तर लावून देईन.

"आपल्या पाऱ्यात मराठी घरं ढीगभर आहेत," समितीचे अध्यक्ष विनायकराव म्हणाले. "मराठीत सांगितलं तर लोक उठतील. पण आवाज कोणाचा घ्यायचा?"

प्रश्न संपायच्या आत विनोदिनीबाईंचा घसा साफ करून झाला होता.

"मी देते करून. एका दमात. मले काय तयारी लागते?"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी खोलीचा पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, अनंतरावांना खोकला येऊ शकतो म्हणून बाहेर ओट्यावर बसवलं आणि फोन टेबलावर ठेवून सुरुवात केली. 'तात्यापाऱ्यातील नागरिकांनी कृपया लक्ष द्यावे. कचरागाडी आपल्या दारी येत आहे. ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका कचरा निळ्या डब्यात.' सवयीनं त्या 'आपल्याला होणाऱ्या असुविधेबद्दल' एवढं म्हणाल्याही, पण वेळीच सावरल्या आणि त्याचं 'आपल्या सुविधेसाठी' केलं. संध्याकाळी त्यांनी ते यशदीपला पाठवून दिलं.

यशदीपनं पहिलं मिनिट ऐकलं आणि खूश होऊन फोन केला. "मैडम, आँख बंद करो तो लगता है प्लेटफॉर्म पे खड़े हैं."

सोमवारी सकाळी गाडी गल्लीच्या तोंडाशी आली. विनोदिनीबाई इस्त्रीची साडी नेसून हातात दोन्ही डबे घेऊन उभ्या होत्या. भोंग्यातून त्यांचा आवाज असा निघाला, जणू आता नागपूरहून येणारी एक्स्प्रेस गल्लीतल्या पिंपळाखाली थांबणार. दारं उघडली, माणसं बाहेर आली. गाडी वळून दुसऱ्या गल्लीत गेली आणि विनोदिनीबाई घरात येऊन अनंतरावांना म्हणाल्या, "पाहिलं? याले म्हणतात आवाज."

तीन दिवसांत मात्र काहीतरी वेगळंच होऊ लागलं. लोक कचरा टाकून घरी जाईनात. डबा रिकामा झाला तरी बायका गाडीच्या मागे मागे पुढच्या गल्लीत जात, तिथून त्यापुढच्या. एकदा तर पलीकडच्या पाऱ्यातली चार माणसं मोटारसायकल लावून उभी दिसली. आणि त्याच वेळी ओळखीची माणसं तोंड चुकवू लागली. विनायकराव समोरून आले आणि अचानक आकाशाकडे बघत निघून गेले. शेजारचे भार्गव डॉक्टर, एरवी नमस्कार करून वजन विचारणारे, त्यांनी दार लावून घेतलं.

"लोक काहून असे करून राहिले?" विनोदिनीबाईंनी विचारलं.

"तुझा आवाज आवडला असेल," अनंतराव पेपरातून म्हणाले.

"मग तोंड काहून फिरवतात?"

"जास्त आवडला असेल."

त्या संध्याकाळी मागच्या गल्लीतल्या जंघेल भाभी भेटल्या. त्यांनी विनोदिनीबाईंचा हातच धरला. "दीदी, कितना अच्छा बोलती हो. मैं तो रोज तीसरी गली तक जाती हूँ. बस एक बात समझ में नहीं आई. लोणचं मतलब अचार ना?"

"हव, अचार."

"तो ढक्कन पर नाम किसका था?"

झाकण कसलं, नाव कसलं? विनोदिनीबाई घोषणेतला शब्द न् शब्द आठवून पाहत होत्या. त्यात ओला होता, सुका होता, हिरवा होता, निळा होता. लोणचं कुठेच नव्हतं. भाभीला विचारावं तर ती 'आप ही ने तो बताया' म्हणून हसत निघून गेली. रात्रभर कुतूहल त्यांना ढेकणासारखं चावत राहिलं.

सकाळी त्यांनी डबे ओट्यावरच ठेवले आणि गाडीच्या मागे निघाल्या. पुढे गाडी, मागे वीस-पंचवीस माणसं, आणि सगळ्यांच्या मागे पदर डोक्यावर घेतलेल्या विनोदिनीबाई. पहिली गल्ली संपेपर्यंत घोषणा झाली. दुसऱ्या गल्लीत गाडी वळली आणि भोंग्यातून एक वेगळाच आवाज आला.

"झालं का ताई तुझं? किती वेळची ओट्यावर बसली मी भाऊजींसोबत."

विनोदिनीबाईंचे पाय रस्त्याला चिकटले. हा आवाज त्यांच्या धाकट्या बहिणीचा, मंजिरीचा होता. मंजिरी शहरातच, पंडरीला राहते आणि रोज दुपारी चहाला येते. त्या दिवशीही आली होती. घोषणा संपली, मंजिरी आत आली, चहा झाला, आणि टेबलावरचा फोन कोणी बंद केलाच नव्हता.

"झालं," भोंग्यातल्या विनोदिनीबाई म्हणाल्या. "पण सांगून काही फायदा आहे का? आमचे विनायकराव. सभेत स्वच्छतेवर अर्धा तास भाषण देतात, आणि सकाळी फिरायला निघाले की पिशवी विजेच्या खांबाखाली ठेवून देतात. मी खिडकीतून पाहते ना."

मागच्या माणसांत खसखस पिकली. कोणीतरी हिंदीत अर्थ सांगत होतं, दुसरं कोणी 'चुप, आगे सुनने दो' म्हणत होतं. गाडी पुढे सरकली. भार्गव डॉक्टर साऱ्या जगाला साखर सोडायला लावतात आणि त्यांच्या डब्यात जिलबीची खोकी निघतात, हे त्यांच्या दवाखान्यासमोरच सांगून झालं. तिसऱ्या गल्लीत गाडी शिरली तेव्हा विनोदिनीबाईंना पुढचं आठवलं आणि त्या धावत सुटल्या.

तिसऱ्या गल्लीत गोदावरी राहत होती. लहानपणापासूनची मैत्रीण. महाराष्ट्र मंडळाच्या जत्रेत दरवर्षी तिच्या आंब्याच्या लोणच्यासाठी रांग लागे.

गाडी चालवणारा शंकर भोंग्याच्या बरोबर खाली बसायचा, म्हणून कानांत कापसाचे बोळे घालायचा. त्याला आरशात दीदी धावत येताना दिसल्या. त्या भोंग्याकडे बोट दाखवून हात हलवत होत्या. शंकर भला माणूस. दीदींना ऐकू येत नसेल असं समजून त्यानं आवाज वाढवला.

"गोदावरीचं लोणचं?" अख्ख्या गल्लीत विनोदिनीबाई दणदणल्या. "अगं बाजारचं असते ते. बरण्यांचं लेबल भिजवून काढते, पण झाकणावर कंपनीचं नाव राहते ना. वरून फोडणी देते आणि आजीची कृती म्हणून सांगते."

गोदावरीच्या घराची खिडकी उघडी होती. ती हळूच लागली.

विनोदिनीबाई तडक जोन ऑफिसात गेल्या. यशदीपनं उठून खुर्ची दिली, चहा सांगितला. "मैडम, कमाल हो गया. आपके वार्ड में लोग खुद चलके गाड़ी तक आ रहे हैं. मैं तो सोच रहा हूँ यही पेन ड्राइव बाकी वार्ड में भी लगा दूँ."

"नहीं," विनोदिनीबाई इतक्या जोरात म्हणाल्या की चहावाला दारातच थांबला. "निकालो उसको. उसमें गलती है."

"क्या गलती?"

इथे पंचाईत होती. यशदीपला मराठी येत नव्हती. गलती सांगायची तर विनायकराव, जिलबी आणि लोणचं, सगळं हिंदीत पुन्हा सांगावं लागणार होतं, आणि ऑफिसात सात-आठ माणसं कान देऊन बसली होती.

"व्याकरण की," त्या म्हणाल्या.

"अरे मैडम, व्याकरण कौन देखता है? कचरे की गाड़ी है."

"मैं देखती हूँ. मैंने जिंदगी भर गलत अनाउंसमेंट नहीं किया."

यशदीपला ते पटलं नाही, पण त्यांचा चेहरा बघून त्यानं मान डोलवली. नवीन रेकॉर्डिंग द्या, उद्यापासून तेच लागेल. विनोदिनीबाईंनी तिथेच व्हरांड्यात उभं राहून चार वाक्यं रेकॉर्ड केली, स्वतःच्या बोटानं फोन बंद केला, दुसऱ्या बोटानं पुन्हा तपासला, आणि मग गोदावरीकडे गेल्या. तात्यापाऱ्यातला तो रस्ता एवढा लांब आहे, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

गोदावरीनं दार उघडलं. "ये. रोज गाडी येत होती, आज तू आली."

"गोदे, मले माहीतच नव्हतं फोन चालू आहे."

"फोन चालू होता याचं वाईट वाटून राहिलं तुले, का बोलली त्याचं?"

भरल्या स्टेशनावरही ज्यांची जीभ कधी अडखळली नाही, त्या विनोदिनीबाई पाटावर बसून पदराचं टोक पिळत राहिल्या.

गोदावरीनं पाण्याचा पेला भरून आणला. तो त्यांच्यापर्यंत येईपर्यंत अर्धं पाणी ताटलीत सांडलं. तिचे हात थरथरत होते. आज रागानं थरथरत असतील म्हणावं, तर पेला खाली ठेवल्यावर आणि ती शांत बसल्यावरही बोटं तशीच हलत होती.

"हे कधीपासून?" विनोदिनीबाईंनी विचारलं.

"झाली दोन-तीन वर्षं. आंबा धरते तर सुरी भलतीकडे जाते. मंडळवाले विचारतात, या साली किती बरण्या? नाही कशी म्हणू? त्या रांगेत लोक माझं नाव घेतात, विनू. आता या वयात आणखी कुठे घेणार आहेत?"

स्टेशनावरची खिडकी सुटल्यापासून ज्यांचा आवाज कोणी ऐकत नव्हतं, त्या विनोदिनीबाईंना ही गोष्ट कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"तू बाहेरून माझी झाकणं मोजत राहिलीस," गोदावरी म्हणाली, "दार ढकलून आत आली असतीस तर हात दिसले असते."

"पुढच्या साली आंबे मी चिरते."

"तू? तुले लिंबू कापता येत नाही धड."

"तू सांग, मी चिरते. तुझ्या हाताचं काम मी करीन, माझ्या तोंडाचं तू कर."

गोदावरीला हसू येत होतं, पण तिनं ते थोडा वेळ दाबून धरलं. "आणि एक सांगू का? त्या तुझ्या जंघेल भाभीनं घरी येऊन कंपनीचं नाव विचारलं. म्हणे, इतकं छान लोणचं बाजारात मिळते हे आम्हाला माहीतच नव्हतं."

मग दोघी हसल्या, आणि पेल्यातलं राहिलेलं पाणीही सांडलं.

विनायकरावांकडे जाणं त्या मानानं सोपं झालं, कारण ते बोललेच नाहीत. दुसऱ्या दिवशीपासून मात्र ते हिरवा आणि निळा असे दोन डबे छातीशी धरून गाडीसमोर सगळ्यांत आधी उभे राहू लागले. डॉक्टरांनी जिलबी सोडली की खोकी दुसरीकडे टाकायला लागले, ते कळलं नाही. विनोदिनीबाईंनी खिडकीला पडदा लावला होता. गाडीमागची गर्दी दोन दिवसांत ओसरली. नवीन घोषणा चार वाक्यांची होती आणि त्यात कोणाचंच काही निघत नव्हतं.

आठवडाभरानं एका सकाळी विनोदिनीबाई डबे घेऊन उभ्या होत्या. अनंतराव ओट्यावर पेपर वाचत होते. शंकरनं गाडी थांबवली आणि कानातले बोळे काढले.

"दीदी, गाड़ी बने होगे. एकदम ठीक."

"क्यों, क्या हुआ था गाड़ी को?"

"आपको नहीं मालूम? इंजन में घर्र-घर्र आती थी. शुरू में नहीं, रिहायशी गलियाँ निपट जाएँ, दुकानों वाली लाइन आए, तब. कान में रुई है, फिर भी अंदर तक सुनाई देती थी."

"तो दिखाया नहीं किसी को?"

"भनपुरी के गैराज में दो बार इंजन खुलवाया. मिस्त्री बोला, गाड़ी गरम होने पर आती है. इंजन बंद करो तो भोंपू भी बंद, आवाज भी बंद. फिर चालू करो तो आवाज गायब. आधा घंटा खड़े रहो तो फिर घर्र-घर्र, और बीच-बीच में सीटी. मिस्त्री ने कान पकड़ लिए. बोला, ऐसी बीमारी जिंदगी में नहीं देखी."

"फिर?"

"फिर अपने आप चली गई. जिस दिन आपका नया वाला लगा ना, उसी दिन से."

शंकरनं बोळे परत घातले आणि गाडी पुढे नेली. विनोदिनीबाई तिथेच उभ्या राहिल्या. त्या दुपारी चहा झाला होता. मंजिरी गेली होती. आणि मग पंखा लावून त्या दिवाणावर जरा आडव्या झाल्या होत्या, थेट दिवेलागणीपर्यंत.

ओट्यावर पेपरची घडी झाल्याचा आवाज आला.

"त्या मिस्त्रीले निरोप देऊन ठेव," अनंतराव म्हणाले. "इंजिन खोलून काही सापडत नाही त्यात. हळूच कुशीवर वळवायचं, की घटकाभर थांबते."

विनोदिनीबाईंनी आजूबाजूला पाहिलं. मग कचरा न टाकताच दोन्ही डबे उचलले आणि त्या आत गेल्या.