मशीन घरी पोचलं

गोदामाच्या कुलपावर लाखेचं शेवटचं सील बसवत असताना सीलदादांचा फोन वाजला. मतदानयंत्रांच्या गोदामाचे ते भांडारपाल. लावलेलं सील स्वतःच तीनदा ओढून बघायची खोड, म्हणून हे नाव पडलं होतं. दोन्ही हात लाखेने बरबटलेले. त्यांनी हवालदाराला खिशातला फोन काढून स्पीकर चालू करायला सांगितलं.

"अहो, मशीन घरी पोचलं बरं का!" बायकोचा आवाज व्हरांडाभर घुमला. "मागच्या दाराने आत घेतलं. कुण्णाला दिसलं नाही."

व्हरांड्यात पहाऱ्याला बसलेल्या दोन पक्षांच्या प्रतिनिधींनी माना वर केल्या. एक वकीलबाई, एक ठेकेदार. प्रचार सुरू झाल्यापासून दोघं एकमेकांकडे ढुंकूनही बघत नव्हती.

"मी नंतर..."

"ऐका तर! त्या माणसाने सील तोडलं, डेमोही दाखवला. पण कुठलंही बटण दाबा, चालू होतं ते एकच!"

हवालदाराने घाबरून फोन बंद केला. संशयाला आणखी काय हवं!

"कपडे धुवायचं मशीन आहे हो," सीलदादा म्हणाले.

"धुलाई तर होणारच," ठेकेदार म्हणाला. "कुणाची, तेवढं बघायचंय."

"ठेकेदार पहिल्यांदाच खरं बोलले," वकीलबाई म्हणाल्या आणि दोघांनी एकदमच आपापले फोन काढले.

हातातला चहा थंड व्हायच्या आत बातमी गावभर झाली आणि निवडणूक अधिकारी मॅडमचा फोन आला. उद्या मतमोजणी. संशय राहिला तर मोजणी थांबणार आणि सीलदादांची नोकरीही जाणार.

"सगळ्यांना घरी न्या आणि मशीन दाखवा," मॅडम कडाडल्या. "मला पारदर्शक कारभार हवा!"

वरात निघाली. दोन्ही प्रतिनिधी, त्यांचे कार्यकर्ते आणि वाटेत हाणामारी नको म्हणून हवालदार.

घरी मशीन घरघरत होतं. समोर गोल काचेचं दार.

"उघडा!" ठेकेदाराने फर्मावलं.

"चालू असताना उघडत नाही," बायको म्हणाली. "तासभर लागेल."

"सोयीस्कर आहे!"

"सोय कसली? आधी चपला बाहेर काढा. फरशी आत्ताच पुसलीय."

सगळे निमूटपणे मांडी घालून बसले. काचेआड सीलदादांचे बनियन गटांगळ्या खाऊ लागले. सीलदादा भिंतीकडे बघत राहिले.

"तो भोकांचा बनियन परत आला," वकीलबाईंनी हरकत घेतली. "हे दुबार आहे."

"दुबार नाही, दोन आहेत," बायको म्हणाली. "दोन्हींना भोकं आहेत."

एवढ्यात शेजारीण बादलीभर कपडे घेऊन दारात. "वहिनी, मशीन आलं म्हणे! माझ्या चादरी तेवढ्या..."

बायकोने कपाळाला हात लावला. "हिला कळू नये म्हणून तर मागच्या दाराने घेतलं होतं!"

कार्यकर्ते फिस्सकन हसले. ठेकेदाराचाही चेहरा पडला. तेवढ्यात पुन्हा मॅडमचा फोन.

"सगळे आलेत ना?"

"आलेत मॅडम," सीलदादांनी चोख हिशेब दिला. "वकीलबाई, ठेकेदार, दोघांची सगळी माणसं. हवालदारसुद्धा."

"मग गोदामावर कोण आहे?"

मशीनने भसकन पाणी सोडलं. मग जो तो पळत सुटला, कुणाच्याही चपला कुणाच्याही पायात.

गोदामाच्या व्हरांड्यात ठेकेदाराच्या खुर्चीवर एक कुत्रं झोपलं होतं. बाकी कुणी नाही. सीलदादांनी सील तीनदा ओढून बघितलं. जसंच्या तसं! ते तिथेच पायरीवर बसले.

"वाचलो," ठेकेदार धापा टाकत म्हणाला. "पण बाई, आपण पहारा सोडून बनियन बघत बसलो हे वर कळलं, तर?"

"कुणी सोडला पहारा?" वकीलबाई म्हणाल्या. "आपण हललोच नाही इथून."

"अजिबात नाही."

दोघांनी चक्क हात मिळवले. मग वकीलबाईंची नजर वर, व्हरांड्याच्या छताला लावलेल्या कॅमेऱ्याकडे गेली. "सीलदादा, या कॅमेऱ्यातला मघाचा तास तेवढा पुसता येईल का हो?"

"पुसायला त्यात काही साठतच नाही," सीलदादा म्हणाले.

"मग मिटलंच की!" दोघांचे चेहरे खुलले.

"तुमच्याच मागणीवरून बसवलाय ना तो? इथलं सगळं लोकांना फोनवर थेट दिसतं," सीलदादा म्हणाले. "आत्ताही चालू आहे. आवाजासकट."