फौजदार इंगवल्यांचं रक्षाविसर्जन

‘अवसेची चौकी’ ही कादंबरीमाला आख्ख्या कोल्हापुरात नीट वाचलेला माणूस एकच, आणि तो म्हणजे आपण, असं शाहूपुरीत पाइप आणि पाण्याच्या मोटारी विकणाऱ्या मृत्युंजयचं ठाम मत होतं. बाकीचे नुसती पानं उलटतात म्हणे.

मालिकेचा नायक फौजदार हिंदुराव इंगवले. शहरातल्या फ्लॅटमध्ये भाड्यानं राहणाऱ्या हडळी, स्कूटरवर ट्रिपल सीट फिरणारे वेताळ, सगळ्यांचा बंदोबस्त याच्याकडं. एकविसावा भाग वाचनालयात आला, तेव्हा मृत्युंजयनं ग्रंथपालाला चहा-भजी चारून पहिला नंबर लावला आणि भर दुपारी दुकानात बसून पुस्तक संपवलं. शेवटच्या पानावर हिंदुराव मेला! वेताळांच्या टोळीशी एकटा झुंजत, भर चौकात.

मृत्युंजय गल्ल्यावर डोकं टेकून रडला. एक गिऱ्हाईक व्हॉल्व्ह न घेताच परत गेलं. पण दुःख जरा ओसरलं तसा दुसराच किडा वळवळायला लागला. आपण सगळ्यांच्या आधी वाचलं, हे गावाला कळणार कसं?

चौकात मंडळाचा फळा होता. कोल्हापुरात पेपर उशिरा आला तरी चालतं, फळा कोरा असून भागत नाही. कोण वारलं, पाणी कधी येणार नाही, कुस्ती कुणी मारली, सगळं त्यावर. अक्षर बरं म्हणून तो लिहायचं काम मृत्युंजयकडंच होतं. त्यानं खडू उचलला आणि ठसठशीत लिहिलं, ‘फौजदार हिंदुराव इंगवले यांचे कर्तव्य बजावताना दुःखद निधन. रक्षाविसर्जन रविवारी सकाळी नऊ वाजता.’

वाचणारे हळहळतील, न वाचणाऱ्यांना काय करायचंय, असा त्याचा हिशेब. पण आपल्याकडं एक वेळ मयताला न जाणाऱ्याला माफी मिळते. रक्षाविसर्जनाला न दिसलेला माणूस गावाच्या डोक्यात कायमचा बसतो.

आणि त्याच रविवारी कुरुंदवाडहून भरमाप्पा घर बघायला येणार होते. त्यांची मुलगी शिवलीला मृत्युंजयनं पाहिली होती, आणि पाहिल्यापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं. आता फक्त भरमाप्पांचा होकार राहिला होता. “ही सोयरीक हुकली तर बस पाइपांबरोबर संसार करत,” असं आव्वानं लेकाला बजावून ठेवलं होतं.

रविवारी सकाळी मृत्युंजय नवा शर्ट घालून बाहेर आला, तर चौकात पाय ठेवायला जागा नाही. दुकानं बंद. जो तो शेजाऱ्याच्या कानात विचारतोय, “घर कुठलं म्हनायचं इंगवल्यांचं?” आणि शेजारी गंभीर तोंडानं “इथंच की, जवळच,” असं सांगतोय. आपण ओळखत नाही हे कबूल करणारा एक मायेचा पूत निघेना. महापालिकेला उभे राहणारे बाळासो तर स्वतःचा माइक घेऊन आले होते.

मृत्युंजय गर्दीतनं घुसला. “बाळासो, जरा ऐका. ह्यो मानूस पुस्तकातला हाय.”

“मग काय तर,” बाळासो म्हणाले. “असल्या मानसावर पुस्तक निघायलाच पायजे.”

आणि त्यांनी माइक हातात घेतला. “हिंदुराव आणि मी एका ताटात जेवलोय,” इथून सुरुवात झाली. पुढं हिंदुरावांची शेवटची इच्छा बाळासोंना नगरसेवक झालेलं बघायची होती, हेही निघालं. तेवढ्यात जीप थांबली आणि भरमाप्पा उतरले. आव्वानं पुरणाचा वास बाहेर जायला नको म्हणून खिडकी लावून घेतली. भरमाप्पांनी फळा वाचला, टोपी काढली आणि गर्दीत उभे राहिले.

“आमच्याकडं ड्यूटीला हुते,” ते बाजूच्याला म्हणाले. “आमच्या कट्ट्यावर येऊन बसायचे की.”

“आता हिंदुरावांच्या जवळचे मृत्युंजय दोन शब्द बोलतील,” बाळासोंनी जाहीर केलं. फळा यानंच लिहिलेला, म्हणजे जवळचा हाच असणार!

मृत्युंजयनं आधी सासऱ्याकडं पाहिलं. आता खरं सांगावं, तर भर सभेत होणारा सासराच खोटा पडतोय. तो बोलायला लागला आणि बोलता बोलता खरंच भरून आलं. “हडळीलासुद्धा ते ताई म्हणायचे,” तो म्हणाला. “वेताळांपुढं एकटे उभे राहिले.” लोकांनी वेताळ म्हणजे कुठली तरी गुंडांची टोळी धरली आणि डोळे पुसले.

भरमाप्पांनी घर धड बघितलंच नाही. “परक्यासाठी रडनारा मानूस बायकोला कवा रडवायचा न्हाय,” ते आव्वाला म्हणाले. “आपल्याकडनं पक्कं समजा.” पोटभर पुरणपोळी खाऊन ते गेले आणि मृत्युंजयला पहिल्यांदाच जेवण गोड लागलं.

संध्याकाळी त्यांचा फोन आला.

“पोरगी न्हाय म्हनतीया.”

“का वं?” मृत्युंजयनं विचारलं.

“घरी येऊन म्या सांगितलं, इंगवले फौजदार गेले. तर ती ताडदिशी उठली. अजून इसावाच भाग वाचत हुती म्हनं. मग आपल्या कट्ट्यावर कोन बसत हुतं, ते बी इचारलं तिनं मला. त्यो इषय सोडा. पर शेवट सांगनाऱ्याच्या घरात मी नांदनार न्हाय, म्हनतीया.”

मृत्युंजयनं कितीदा फोन केले, निरोप धाडले, पण शिवलीला बोलायलाच तयार नव्हती.

काही महिन्यांनी बाविसावा भाग आला. पहिल्याच पानावर हिंदुराव चितेवरून उठला, अंगावरची राख झटकली आणि हवालदाराकडं चहा मागितला. मृत्युंजयनं पुढचं पान उलटलंसुद्धा नाही, तसाच फोनकडं धावला. नशिबानं फोन तिनंच उचलला.

“शिवलीला, ठेवू नका, मी मृत्युंजय. हिंदुराव मेला न्हाय. जिता हाय! बाविसाव्यात पहिल्याच पानावर उठलाय बघा.”



“आत्ताच आनलाय मी त्यो भाग,” ती म्हणाली. “अजून उघडला न्हवता.”

आणि तिनं फोन ठेवला.